रंजक पेटते, पण बार होत नाही: चकमकीच्या बंदुकीतला नेहमीचा घोळ

चाप ओढला, घोडा पडला, ठिणग्या उडाल्या, पॅनमधली (नळीच्या बाहेरच्या छोट्या वाटीतली) रंजक, म्हणजे आतली दारू पेटवायची बारीक दारू, फस्सकन पेटली, डोळ्यांपुढे पांढरा धूर आला. आणि नळीतला बार जागच्या जागी. चकमकीची ठासणीची बंदूक हौसेने चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे आलेलं असतं. क्वचित झालं तर त्याचं काही नाही. पण दर खेपेला सकाळचा पहिलाच बार फुसका जात असेल, किंवा पाच-सहा बार छान झाल्यावर हमखास खोळंबा होत असेल, तर त्याला ठरावीक कारण असतं आणि ते शोधता येतं. मला ते शोधायला दोन वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. अठराव्या शतकात इथल्या लँकेस्टर परिसरात जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्यांचीच पुढे ‘केंटकी रायफल’ म्हणून ख्याती झाली. या राज्यात १९७४ पासून हरणांच्या शिकारीचा एक हंगाम खास चकमकीच्या बंदुकांसाठी असतो, नाताळ उलटल्यावर, ऐन थंडीत. त्यामुळे इथे ही बंदूक काचेच्या कपाटात न राहता लोकांच्या हातात राहिली. मी शिकारीला जात नाही. माझं सुख पंचवीस आणि पन्नास यार्डांवरच्या कागदी निशाण्यात आहे: दारू मोजून ओतायची, कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, आणि एका बारासाठी दोन-तीन मिनिटं खपायचं.

माझी रायफल .५० कॅलिबरची, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. घोळ पहिल्या दिवसापासूनच होता. घरून लख्ख पुसून नेलेली बंदूक रेंजवर पहिल्या बाराला रंजक जाळून गप्प बसायची. भेटेल तो दोनच गोष्टी सांगे: चकमक बदल, नाहीतर रंजक वाढव. मी इंग्लंडच्या ब्रँडनची काळी चकमक आणली, मग फ्रान्सची मधाच्या रंगाची आणली. रंजक पॅनच्या काठोकाठ भरली. फरक शून्य. थोडा विचार केला असता तर तेव्हाच कळायला हवं होतं: रंजक पेटते आहे, म्हणजे चकमक आपलं काम चोख करते आहे. घोळ त्याच्या पुढे आहे, पॅन आणि नळी यांच्यामधल्या त्या बारीक भोकात किंवा भोकापलीकडे.

हे भोक म्हणजे काना. तोफेला बत्ती देतात तो कानाच, फक्त इथे तो साधारण १/१६ इंचाचा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या किंचित वर. पॅनमधल्या ज्वाळेला एवढ्याशा वाटेने आत जाऊन दारू गाठायची असते.

एके सकाळी शेजारच्या बाकावरचे एक वयस्कर सभासद माझी धडपड पाहत होते. माझ्या चकमकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “कान्यात सुई घाल आणि टोक मला दाखव.” मी पितळी सुई आत घालून फिरवून काढली. टोकाला काळं, चकचकीत, ओलसर काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते अंगठ्यावर पुसलं, तर अंगठाभर काळी रेघ ओढली गेली. नुसती काजळी असती तर ती भुरभुरली असती. हे काजळ होतं, तेलात कालवलेलं. घरी पुसताना मीच लावलेलं तेल.

तेव्हापासून रंजक पेटून बार झाला नाही की मी बाकी काहीही करण्याआधी सुईचं टोक बघतो.

पण सुई घालण्याच्याही आधी थांबायचं. रंजक पेटल्यावर बार उशिरा होऊ शकतो. आत एखादा दाणा धुमसत असतो आणि चार-पाच सेकंदांनी धडाका उडतो. म्हणून बंदूक खांद्यावरून काढायची नाही, तोंड निशाण्याच्या दिशेलाच ठेवायचं आणि मनात पूर्ण दोन मिनिटं मोजायची. नळीच्या तोंडासमोर स्वतःचा हातही आणायचा नाही. मग घोडा अर्ध्यावर घ्यायचा, पॅनवरचं पोलादी झाकण उघडं ठेवायचं. याला इथे फ्रिझन म्हणतात, चकमक यावरच घासून ठिणग्या पाडते. त्यावर चामड्याची टोपी चढवायची, म्हणजे चुकून घोडा पडला तरी ठिणगी पडणार नाही. पॅन पुसून कोरडा करायचा. आता बंदुकीच्या बाजूला उभं राहून सुई घालायची, कान्याच्या रेषेत तोंड न आणता. कान्यातून निघणारी ज्वाळा आडवी जाते आणि शेजारच्या बाकावरच्या माणसालाही भाजते, हेही लक्षात असू द्या.

सुईचं टोक चार प्रकारचं निघतं.

आत खरखर लागली, दाणे टोचल्यासारखं वाटलं आणि टोक कोरडं, करडं आलं, तर दारू जागेवर आहे, कोरडी आहे, फक्त मधे मळाचा पापुद्रा आला होता. सुईने तो फुटला. नवी रंजक घाला आणि चाप ओढा, बार होईल. हा सगळ्यात सोपा प्रकार.

टोक काजळासारखं आलं तर तेल आहे. टोकाला राखेचा चिखल आला, पातळ, काळपट, बोटांवर पाण्यासारखा पसरणारा, तर बार-बारांच्या मधे तुम्ही नळी पुसताय ती चुकीची पुसताय. आणि सुई नुसतीच आत गेली, काहीच टोचलं नाही, तर दारू घालायचीच राहून गेली आहे. हे अनुभवी माणसांचंही होतं, विशेषतः ठासताना कोणी गप्पा मारायला आलं की. मी आता ठासताना कोणाशी बोलत नाही आणि कोणी ठासत असेल तर त्याच्याशीही बोलत नाही.

तेलाचं आधी बघू, कारण पहिला बार फुसका जाण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. पुष्कळ बंदुकांत नळीचा तळ सपाट असतो. पण माझ्यासारख्या काही बंदुकांत तळाशी आणखी एक अरुंद कोठी असते, तिला पेटंट ब्रीच म्हणतात. नळी अर्ध्या इंचाची, तर ही कोठी त्याहून बरीच निमुळती. आपण गजाच्या टोकाला पुसायचा पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, लावून खाली नेतो तो नळीच्या मापाचा असतो, त्यामुळे तो कोठीच्या तोंडाशीच अडतो. वरचं सगळं चकचकीत होतं आणि मळ, तेल, पाणी कोठीत साठत जातं. बाहेरून बघणाऱ्याला नळी आरशासारखी दिसते. वर बंदूक कोपऱ्यात दस्ता खाली टेकून उभी ठेवली, की आठवडाभर नळीतलं तेल ओघळून नेमकं त्याच कोठीत आणि कान्यात उतरतं.

इथे मला आजोबांची आठवण येते. सिंधुदुर्गात आमच्या गावी त्यांची शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, टोपीची, म्हणजे चकमकीऐवजी घोड्याच्या आघाताने फुटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर उडणारी. माकडं आणि रानडुकरं यांच्यासाठी. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. आजोबा ती नेहमी नळी खाली आणि दस्ता वर अशी ठेवायचे, खाली गोणपाटाची घडी. लहानपणी मला वाटे, पोरांनी चाप ओढू नये म्हणून असेल. त्यामागचं खरं कारण मला पेनसिल्व्हेनियात, त्या काळ्या अंगठ्याकडे बघताना कळलं. त्या गोणपाटावर तेलाचा गोल डाग असायचा, तोही तेव्हाच आठवला.

तर उपाय असा. बंदूक तोंड खाली करून ठेवा. रेंजवर निघायच्या सकाळी, बंदूक रिकामी आहे याची गजाने खात्री करून घेतल्यावर, अल्कोहोलने ओलसर केलेला पॅच तळापर्यंत न्या, मग दोन कोरडे. कोठी असलेली बंदूक असेल तर लहान मापाचा ब्रश घ्या, माझ्या .५० च्या नळीच्या कोठीत .३६ चा जातो. त्याला पॅच गुंडाळून कोठीत पाच-सहा वेळा फिरवा. तुमच्या कोठीचं माप आधी घ्या, उगाच मोठा ब्रश आत अडकवू नका. पाइप क्लीनर अल्कोहोलमध्ये बुडवून कान्यातून आरपार करा, कोरडा होऊन बाहेर येईपर्यंत. अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्या आणि हे काम दारूच्या डब्यापासून लांब करा.

मग एक छोटी परीक्षा, मला फार आवडते ती. कोरडा घट्ट पॅच गजावर लावून नळीत वरून खाली दाबा आणि दुसऱ्या हाताचं बोट ओलं करून कान्याजवळ धरा. वाट मोकळी असेल तर बोटाला गार हवेचा झोत जाणवतो, कधी बारीक सीऽऽ आवाजही येतो. झोत नाही, म्हणजे वाट बंद. दारू ठासायच्या आधी दहा सेकंदांत कळतं. ठासल्यानंतर कळलं तर अर्धा तास जातो.

टोपीच्या बंदुकीवाल्यांनी हीच परीक्षा रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या फोडून करावी. नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरायचं. टोपी फुटल्यावर पातं हललं तर वाट मोकळी.

आता राखेच्या चिखलाचं. पाच-सहा बारांनंतर घोळ होतो तो याच्यामुळे, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. काळ्या दारूत साधारण पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक असतं. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन अवशेष म्हणून उरतो. काही धुरात जातो, उरलेला नळीला बसतो. हा मळ हवेतली ओल शोषतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत तो चिखलासारखा मऊ राहतो, जानेवारीच्या कोरड्या थंडीत खापरासारखा कडक होतो आणि पाचवी गोळी ठासताना गज अर्ध्यातच अडतो. म्हणून मधे मधे नळी पुसायची असते. ही पुसणीच चुकली की चिखल तळाशी जाऊन बसतो.

चूक अशी होते: पॅच चांगला भिजवून गज पाणी उपसल्यासारखा वर-खाली, वर-खाली. प्रत्येक फेरीत पॅचपुढचा मळ खाली ढकलला जातो, कान्यात कोंबला जातो, आणि वर ओला असतो. त्यावर आपण नवी दारू ओततो. पहिला थर चिखलात भिजतो आणि नेमका तोच कान्याशी असतो.

त्याऐवजी पॅच जिभेवर ओला करण्याइतकाच ओलसर ठेवा, पिळला तर थेंब पडता कामा नये. पॅच धरणारं गजाचं टोक नळीपेक्षा किंचित बारीक हवं, म्हणजे खाली जाताना पॅच मळावरून सरकतो आणि वर येताना गोळा होऊन मळ ओढून आणतो. एकदा खाली, एकदा वर, बस. पॅच उलटा करून पुन्हा एकदा, मग कोरडा. मी गजावर एक खूण करून ठेवली आहे, कोठीच्या दोन बोटं वर ओला पॅच थांबेल अशी. ओला पॅच मी त्याच्या खाली नेतच नाही. तळ फक्त कोरड्या पॅचने पुसतो. मग सुई फिरवतो. आणि ठासताना सुई कान्यात तशीच ठेवतो, गोळी बसल्यावर काढतो. दारूत एक बारीक पोकळी राहते आणि ज्वाळेला वाट मिळते. हा बदल केल्यापासून मी एका बैठकीत वीस-पंचवीस बार करतो आणि एखादाच चुकतो.

गोळीच्या कापडाला काय लावता याचाही इथे संबंध आहे. मी .४९० इंचाची गोळी आणि .०१५ इंच जाडीचं शुद्ध सुती कापड वापरतो. पूर्वी त्याला हाताशी असलेलं मशीन ऑइल लावायचो. पेट्रोलियमचं तेल काळ्या दारूच्या मळात मिसळून डांबरासारखं होतं, निघता निघत नाही. आता मेण आणि ऑलिव्ह तेल वितळवून एकत्र करतो. मळ मऊ राहतो आणि पुढच्या गोळीबरोबर बराचसा निघूनही जातो. कापड निथळेल इतकं लावू नका, बंदूक ठासून जरा वेळ तशीच राहिली तर ते तेल दारूत उतरतं.

दारू घालायची राहिली असेल तर दोन मार्ग. गजाला गोळी काढायचा स्क्रू लावून गोळी ओढून काढायची, पण आत दारू नाही याची खूण गजावर बघून खात्री झाल्यावरच. किंवा कान्यातून अगदी बारीक दारू सुईने चिमूटभर आत सारायची, गोळी गजाने पुन्हा तळाशी दाबून घ्यायची, गज बाहेर काढायचा, आणि सुरक्षित दिशेला बार करायचा. दाबून घ्यायची पायरी वगळू नका. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फाटू शकते. गजावर म्हणून दोन खुणा हव्यात, एक रिकाम्या नळीची, एक तुमच्या नेहमीच्या मापाने ठासलेल्या नळीची. मी त्या चाकूने कोरल्या आहेत, शाईने केलेल्या खुणा अल्कोहोलने पुसल्या गेल्या होत्या.

रंजकेबद्दल थोडं. बारीक, चार-एफची (जितके एफ जास्त, तितका दाणा बारीक) दारू, पॅनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, फार तर निम्मी. ती कान्याजवळ राहू द्या, मात्र कान्यात कोंबू नका. कोंबली तर वातीसारखी दाणा-दाणा जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. मोकळ्या कान्यातून ज्वाळेचा झोत सरळ आत पोचतो. दमट दिवशी रंजक पाच-दहा मिनिटांत ओल धरते आणि डांबरट दिसायला लागते, तेव्हा पुसून नवी घाला. आणि काळ्या दारूच्या ऐवजी मिळणाऱ्या पर्यायी भुकट्या चकमकीच्या बंदुकीत नकोत. त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, पॅनमधल्या ज्वाळेला ते झेपत नाही. बिनधुराची आधुनिक दारू तर कुठल्याच ठासणीच्या बंदुकीत कधीही घालायची नाही, चिमूटभरसुद्धा नाही. नळी हातात फुटते.

ठिणग्याच पडत नसतील तर तो वेगळा विषय, थोडक्यात सांगतो: चकमकीची धार फ्रिझनला पूर्ण रुंदीत समांतर लागते का पाहा, चामड्याच्या घडीत ती घट्ट बसली आहे का पाहा, फ्रिझनवरचं तेल पुसा. एवढ्याने बहुतेक काम होतं.

थंडीतली एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. दिवसभर गोठलेली बंदूक गरम खोलीत आणली की तिच्यावर बाहेरून आणि आतून दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. तेच पाणी कान्यात उतरतं. दोन डावांच्या मधे जेवायला आत जायचं असेल तर रिकामी बंदूक बाहेरच, नजरेसमोर, कुलूपबंद ठेवता आली तर बघा.

संध्याकाळची सफाई त्याच दिवशी, झोपायच्या आधी. मळ पाण्यात विरघळतो, त्याला महागडी द्रावणं लागत नाहीत. कोमट पाणी घ्या. उकळतं पाणी ओतलं की लोखंडावर डोळ्यांदेखत तांबूस गंज धरतो. लॉक, म्हणजे घोडा आणि फ्रिझन असलेली कळ, काढा, कान्यात रबरी नळी लावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पॅचने उपसत राहा. इथे उपसणं योग्य, कारण मळ बाहेर पडतो. मग कोरडे पॅच, कोठीत वेगळा कोरडा पॅच, आणि शेवटी तेलाचा अगदी पुसट हात. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरा पॅच पुन्हा फिरवा. तांबूस निघाला तर आदल्या रात्रीचं पाणी आत राहिलं होतं.

हे सगळं करूनही घोळ चालूच राहिला तर काना मोजा. १/१६ इंचाच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा आत घालून बघा. तो घट्ट बसला तर माप ठीक आहे. आत जातच नसेल तर काना मळाने किंवा गंजाने आखडला आहे, आधी तो साफ करा. ढिला हलत असेल तर काना झिजून मोठा झाला आहे, बार होईल पण ज्वाळा बाजूला जास्त येईल आणि नेम बदलत राहील. पुष्कळ बंदुकांत कान्याची बुशी, म्हणजे भोक असलेला छोटा धातूचा तुकडा, स्क्रूसारखी बसवलेली असते आणि ती बदलता येते. आतून शंकूसारखी कोरलेली बुशी घ्या, म्हणजे दारू पॅनच्या अगदी जवळ येऊन बसते. माझ्या रायफलची जुनी बुशी आतून सपाट होती. गेल्या वर्षी एका बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ती बदलून घेतली. स्वतः पाना लावू नका, आटे गेले तर सगळी नळी वाया जाते.